आईच्या माहेरचा कागद: नागरिकत्वाचा पुरावा कसा उभा करायचा आणि नागरिकाची कर्तव्यं कोणती

भारताच्या पासपोर्टची पुस्तिका नाशिकरोडला, इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापली जाते. त्या प्रेसपासून दोन-तीन किलोमीटरवर माझी मावशी चाळीस वर्षं राहते, आणि तिला स्वतःचा पासपोर्ट काढायला आठ महिने लागले. मुलगा परदेशात, नात झालेली, आणि मावशीकडे स्वतःच्या जन्माचा एकही कागद नव्हता. जन्म १९६१ चा, निफाड तालुक्यातला, घरीच झालेला. शाळेत नाव एक, लग्नात ठेवलेलं नाव दुसरं, रेशनकार्डावर तिसऱ्याच तऱ्हेने लिहिलेलं. मावशी रोज फाइल घेऊन जायची आणि रोज एक नवा कागद लिहून घेऊन यायची. एका संध्याकाळी ती म्हणाली, "अरे, मी इथलीच आहे हे मला कुणाला सांगावं लागेल असं कधी वाटलंच नव्हतं."

त्या आठ महिन्यांत मी जे शिकलो ते इथे क्रमाने लिहितो आहे. बहुतेक घरांत पुरुषांचे कागद सापडतात: सातबारा, नोकरीचं सेवापुस्तक, दहावीचं प्रमाणपत्र. तुटलेला दुवा असतो तो घरातल्या बाईचा. आजच्या मुलांचं नागरिकत्व ठरवताना कायदा आई आणि वडील दोघांकडेही बघतो, म्हणून शोध आईच्या माहेरापर्यंत जातो.

आधी कायदा काय म्हणतो ते बघा

जन्माने मिळणाऱ्या नागरिकत्वाचा नियम १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ३ मध्ये आहे. तो सगळ्यांना सारखा नाही, जन्मतारखेप्रमाणे बदलतो.

२६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्मलेली व्यक्ती जन्मानेच नागरिक आहे. आई-वडील कोण, हा प्रश्न तिथे येत नाही. परदेशी राजदूतांची मुलं वगैरे अपवाद आहेत, आपल्याला त्यांच्याशी कर्तव्य नाही.

१ जुलै १९८७ ते २ डिसेंबर २००४ या काळात भारतात जन्म झाला असेल, तर जन्माच्या वेळी आई किंवा वडील यांपैकी निदान एक जण भारताचा नागरिक असायला हवा.

३ डिसेंबर २००४ पासून पुढे जन्मलेल्यांसाठी दोघंही नागरिक असायला हवेत, किंवा एक नागरिक असून दुसरा बेकायदा स्थलांतरित नसावा.

२६ जानेवारी १९५० च्या आधी जन्मलेल्यांचं नागरिकत्व संविधानाच्या कलम ५ ते ८ प्रमाणे ठरतं. संविधान लागू झालं तेव्हा इथे कायम वास्तव्य होतं आणि जन्मही इथलाच होता, अशा आपल्या आजी-आजोबांना कलम ५ पुरेसं आहे.

या तारखांमधून निघणारी एक गोष्ट फार कमी लोक सांगतात, आणि तिने जीवावरचं ओझं उतरतं: साखळी अनंत मागे जात नाही. ती १ जुलै १९८७ पूर्वी भारतात जन्मलेल्या माणसापाशी थांबते. त्याचा जन्म इथला, एवढं दाखवलं की त्याच्या मागे जायची गरज उरत नाही. पणजोबांचा कागद मिळाला नाही म्हणून रात्र-रात्र जागू नका.

उदाहरण घेऊ. इंदिरानगरमधलं एक कुटुंब. वडिलांचा जन्म १९८४ चा सिन्नरचा, आईचा १९८९ चा देवळालीचा, मुलीचा २०१३ चा नाशिकचा. वडिलांना फक्त स्वतःचा जन्म दाखवायचा आहे. आईला स्वतःचा जन्म आणि तिच्या आई-वडिलांपैकी एकाचं नागरिकत्व. मुलीला स्वतःचा जन्म आणि आई-वडील दोघांचंही. म्हणजे या मुलीची फाइल पुरी व्हायला देवळालीच्या आजोबांचा किंवा आजीचा कागद लागतो. सिन्नरच्या आजोबांची सगळी जमीन कागदावर असली तरी तिथे ती उपयोगाची नाही. आपल्याकडे असे कागद मामाच्या घरी लोखंडी पेटीत असतात आणि कुणी मागितलेले नसतात.

आणखी एक सावधगिरी. शाळेत घालताना गुरुजींनी लिहिलेली १ जून ही जन्मतारीख आपल्या जिल्ह्यात घरोघरी आहे. एरवी तिने बिघडत नाही. पण एखाद्याचा खरा जन्म ऑगस्ट १९८७ चा असेल आणि शाळेत १ जून १९८७ लागली असेल, तर एका कागदाप्रमाणे तो पहिल्या नियमात बसतो आणि दुसऱ्याप्रमाणे दुसऱ्यात. अशा माणसाने एका आई-वडिलाचा पुरावाही जोडून ठेवावा, म्हणजे कोणतीही तारीख धरली तरी अडत नाही.

कोणता कागद काय सिद्ध करतो

आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही. हे माझं मत नव्हे, २०१६ च्या आधार कायद्याच्या कलम ९ मध्येच तसं लिहिलं आहे. आधार रहिवाशाला मिळतं, आणि अर्जाच्या आधीच्या बारा महिन्यांत १८२ दिवस इथे राहिलेला परदेशी माणूसही रहिवासी ठरतो. पॅन कार्ड करासाठी, रेशनकार्ड धान्यासाठी, वाहनपरवाना गाडीसाठी. केवळ आधार, पॅन किंवा मतदार ओळखपत्र हातात आहे म्हणून कुणी नागरिक ठरत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये स्पष्ट म्हटलं.

मतदार ओळखपत्राचं वजन थोडं जास्त, कारण मतदारयादीत फक्त नागरिकाचंच नाव येऊ शकतं. तरीही तो शेवटचा शब्द नाही. पासपोर्ट त्याहून भक्कम, कारण १९६७ च्या पासपोर्ट कायद्याप्रमाणे अर्जदार नागरिक नसेल तर पासपोर्ट नाकारला जातो. ज्यांनी नोंदणीने किंवा देशीयकरणाने (म्हणजे परदेशी असून इथे बरीच वर्षं राहून अर्जाने) नागरिकत्व घेतलं, त्यांच्याकडे गृह मंत्रालयाचं प्रमाणपत्र असतं आणि त्यांचा प्रश्न तिथेच मिटतो. जन्माने नागरिक असलेल्या आपल्यासारख्यांना असं प्रमाणपत्र कुणी आपणहून देत नाही. शंका उपस्थित झाली तर केंद्र सरकार नागरिकत्व कायद्याच्या कलम १३ खाली नागरिकत्वाचा दाखला देऊ शकतं, पण तो मार्ग क्वचितच वापरला जातो.

म्हणून फाइल. कुठे जन्म, कधी जन्म, कुणाच्या पोटी जन्म, या तीन प्रश्नांची उत्तरं देणारे आणि एकमेकांना धरून ठेवणारे कागद.

पहिली पायरी: एक मोठा कागद घ्या आणि घराचा तक्ता काढा

कार्यालयात जाण्याआधी हे करा. प्रत्येक माणसापुढे लिहा: जन्माचं गाव, तालुका, तारीख (खरी आणि कागदावरची, दोन्ही), जन्म घरी की दवाखान्यात, शाळेत घातलेलं नाव, लग्नानंतरचं नाव, आणि पहिली ते शेवटची शाळा. वडीलधारी माणसं हयात आहेत तोवर त्यांच्याजवळ बसून हे लिहा. "दुष्काळाच्या साली", "पानशेत फुटलं त्या वर्षी" अशी उत्तरं आली तर तीही लिहून ठेवा. पानशेत १९६१ मध्ये फुटलं, दुष्काळ बहुधा १९७२ चा. त्यावरून रजिस्टरचं कोणतं पान उघडायचं ते कळतं. मावशीचं साल आम्हाला असंच सापडलं.

दुसरी पायरी: जन्माची नोंद शोधा, आणि योग्य ठिकाणी शोधा

जन्म जिथे झाला तिथेच नोंद होते, राहता त्या गावी नाही. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. त्यामुळे आयुष्यभर सातपूरला राहिलेल्या माणसाचा जन्म दिंडोरी तालुक्यातल्या एखाद्या ग्रामपंचायतीत नोंदलेला असतो, आणि तो बिचारा महापालिकेच्या खिडकीवर हेलपाटे घालत असतो. उलट सिन्नरच्या बाईचं बाळ नाशिकच्या सिव्हिलमध्ये जन्मलं असेल तर नोंद नाशिक महापालिकेत आहे, सिन्नरला नाही.

नाशिक शहरासाठी महापालिकेच्या विभागीय कार्यालयांमध्ये जन्म-मृत्यू नोंदणीचं काम चालतं: पूर्व, पश्चिम, पंचवटी, नाशिकरोड, नवीन नाशिक म्हणजे सिडको, आणि सातपूर. मात्र महापालिका स्थापन झाली १९८२ मध्ये. त्याआधी नाशिक, नाशिकरोड-देवळाली आणि सातपूर अशा वेगवेगळ्या नगरपालिका होत्या. १९८२ पूर्वीचा जन्म असेल तर अर्जावर त्या वेळच्या नगरपालिकेचं नाव आणि मोहल्ला लिहा, म्हणजे शोधणाऱ्याला जुनं रजिस्टर काढता येतं. देवळाली कॅम्पचा जन्म असेल तर छावणी परिषदेत विचारा, त्यांचं दप्तर वेगळं आहे. खेड्यात ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी) हेच निबंधक.

दाखला हातात आला की तिथेच उभं राहून वाचा. बाळाचं नाव आहे का? जुन्या नोंदींत बऱ्याचदा नुसतं "मुलगा" किंवा "मुलगी" असतं, कारण बारशाआधीच नोंद झालेली असते. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १४ प्रमाणे नाव नंतर भरता येतं, त्याला मुदत आहे, म्हणून लहान मुलांच्या बाबतीत हे काम पुढे ढकलू नका. आईचं नाव कोणतं लिहिलं आहे, माहेरचं की सासरचं? वडिलांच्या नावात काना-मात्रा चुकली आहे का? स्पेलिंगची किंवा लेखनिकाची चूक कलम १५ खाली दुरुस्त होते. शाळाप्रवेशाच्या धावपळीत हे करायला गेलात तर दमछाक होते, आधीच करा.

नोंदच नसेल तर

शोध घेऊन नोंद सापडली नाही तर अनुपलब्धतेचा दाखला लेखी मागा. तोंडी "नाही सापडत" हे उत्तर घेऊन परतू नका, पुढचं सगळं त्या कागदावर उभं राहतं.

नोंदणीचा कायदा १९६९ चा. जन्माची माहिती २१ दिवसांत द्यायची. २१ ते ३० दिवसांत विलंब शुल्क भरून. महिना ते वर्ष या काळात जिल्हा निबंधकाची लेखी परवानगी. एक वर्ष उलटलं की जिल्हाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा अधिकार दिलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. ही तरतूद २०२३ च्या दुरुस्तीने आली, त्याआधी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याकडे जावं लागायचं.

उशिराच्या नोंदींत खोटे दाखले निघाल्याच्या तक्रारींनंतर राज्य सरकारने २०२५ च्या सुरुवातीला हे काम थांबवलं आणि मग नवी, कडक पद्धत आणली. पोलिसांचा अहवाल, जाहीर नोटीस, पुराव्यांची छाननी, हे सगळं त्यात आलं. प्रामाणिक माणसालाही त्यामुळे वेळ लागतो. पण म्हणून कोर्टाबाहेरच्या टपरीवर "दोन दिवसांत काढून देतो" म्हणणाऱ्याकडे जाऊ नका. तो दाखला रद्द झाला तर जन्म सिद्ध होत नाहीच, वर गुन्हा तुमच्या नावावर लागतो. खरा माणूस खोट्या कागदाने खोटा ठरतो, हे मी बघितलं आहे आणि ते बघवत नाही.

तिसरी पायरी: शाळेचा दाखला

महाराष्ट्रातल्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर नाव, आईचं नाव, जन्मस्थळ, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, मातृभाषा आणि राष्ट्रीयत्व हे रकाने असतात. राष्ट्रीयत्वापुढे 'भारतीय' लिहिलेला हा साधा पिवळट कागद बारावीनंतरच्या प्रवेशांत राष्ट्रीयत्वाचा पुरावा म्हणून चालतो. नागरिकत्व तो एकट्याने सिद्ध करत नाही, पण जन्मस्थळ आणि पालक एकाच कागदावर आणणारा, आणि तोही लहानपणी लिहिलेला, असा दुसरा कागद बहुतेकांकडे नसतो.

मूळ दाखला हरवला असेल तर पहिलीच्या शाळेत जा. तिथल्या जनरल रजिस्टरचा, म्हणजे प्रवेश-निर्गमाचा, साक्षांकित उतारा मागा. जिल्हा परिषदेच्या शाळांत पन्नास-साठ वर्षांपूर्वीची रजिस्टरं जपलेली सापडतात. शाळा बंद झाली किंवा दुसरीत विलीन झाली असेल तर पंचायत समितीच्या शिक्षण विभागात दप्तर कुठे गेलं ते कळतं. मावशीच्या बाबतीत गाठ इथेच सुटली. मुख्याध्यापकांनी कपाटाच्या तळातून रजिस्टर काढलं, १९६७ चं पान उघडलं, आणि शाईने लिहिलेलं तिचं माहेरचं नाव, बाजूला आजोबांचं नाव. मावशी शाळेच्या त्या व्हरांड्यात बराच वेळ बसून राहिली.

शाळा सोडल्यानंतर दाखल्यात दुरुस्ती करणं अवघड असतं. अर्ज शाळेमार्फत शिक्षणाधिकाऱ्यांकडे जातो आणि भक्कम पुरावा लागतो. मूल शाळेत आहे तोवरच सगळं तपासून घ्या.

चौथी पायरी: जुन्या पिढीचे कागद

ज्यांनी शाळेचं तोंड पाहिलं नाही त्यांच्यासाठी महसुली दप्तर. पूर्वी गावचा कोतवाल जन्म-मृत्यूची नोंद ठेवत असे, गाव नमुना १४. लोक त्याला कोतवाल बुक म्हणतात. ही रजिस्टरं तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात असतात, फार जुनी मोडी लिपीत. अलीकडे कुणबी नोंदींच्या शोधात यातली बरीच पानं उघडली गेली आणि पुन्हा नीट लावली गेली, त्यामुळे शोध पूर्वीपेक्षा सोपा आहे. नक्कल अर्ज करताना गाव, अंदाजे साल आणि बापाचं नाव लिहा. कोतवाल बुकात बाळाचं नाव क्वचितच असतं, "अमक्याला मुलगी झाली" एवढंच असतं.

सातबारा, फेरफार, आठ-अ हे कागद जमिनीचे. फेरफारावर वारसांची नावं असतात आणि तिथे विवाहित मुलीचं नावही येतं, सासरच्या आडनावासकट. म्हणजे माहेर आणि सासर जोडणारा कागद अनपेक्षितपणे वडिलांच्या मृत्यूनंतरच्या वारस-फेरफारात मिळतो. बहिणींनी हक्कसोड करून दिलेलं पत्र असेल तर त्याचीही नक्कल घ्या. जमीन सोडली त्या कागदानेच बाईचं नातं सिद्ध होतं, असंही आपल्या घरांत घडतं.

पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, कळवण भागातली अनेक आदिवासी कुटुंबं द्राक्षाच्या हंगामात निफाड-दिंडोरीला येतात. जन्म घरी, कागद पाड्यावर, माणूस कामावर. अशांसाठी आश्रमशाळेचा दाखला, जातीचा दाखला आणि २००६ च्या कायद्याखालचा वनहक्काचा पट्टा हे तीन कागद जपून ठेवण्यासारखे आहेत. बिहारमध्ये २०२५ साली मतदारयादीचं विशेष सखोल पुनरीक्षण झालं तेव्हा निवडणूक आयोगाने स्वीकारलेल्या अकरा कागदांमध्ये जातीचा दाखला आणि वनहक्क प्रमाणपत्र दोन्ही होते. १ जुलै १९८७ पूर्वी सरकार, बँक, पोस्ट किंवा एलआयसीने दिलेला कोणताही कागदही त्या यादीत होता. घरातली जुनी पासबुकं आणि विम्याच्या पॉलिसी रद्दीत घालण्याआधी तारीख बघा.

बिहारच्या त्या पुनरीक्षणात २००३ ची मतदारयादी पाया म्हणून धरली गेली. २००२ ते २००४ च्या सुमाराची आपल्या आई-वडिलांची मतदारयादी शोधा, नावाचं पान छापून ठेवा. यादी क्रमांक आणि अनुक्रमांक दोन्ही दिसले पाहिजेत.

रामकुंडावरच्या आणि त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या चोपड्यांत घराण्याच्या पिढ्या लिहिलेल्या असतात. कुठल्याही खिडकीवर हा पुरावा म्हणून पुढे करू नका. पण मूळ गाव आणि पणजोबांचं नाव विसरलेल्या घराला कोणत्या तालुक्याचं रजिस्टर उघडायचं ते तिथे समजतं.

पाचवी पायरी: बाईच्या नावाचा दुवा

आपल्याकडे लग्नात बाईच्या नावातले दोन शब्द तर बदलतातच, पुष्कळदा तिन्ही बदलतात. शाळेच्या दाखल्यावरची मुलगी आणि आधारवरची बाई एकच आहे हे सांगणारा कागद हवा. सगळ्यात चांगला म्हणजे विवाह नोंदणीचा दाखला. १९९८ च्या महाराष्ट्र विवाह नोंदणी कायद्याखाली महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत नोंदणी होते, जुन्या लग्नाचीही होते. लग्नपत्रिका, फोटो, साक्षीदार लागतात. पत्रिकेवर "चि. सौ. कां." पुढे माहेरचं पूर्ण नाव छापलेलं असतं, म्हणून पत्रिका जपा. पहिलं नावही बदललं असेल तर महाराष्ट्र शासन राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घ्या.

पुढच्या मुलींसाठी माझं आग्रहाचं सांगणं: नाव बदलायचं की नाही हे मुलीने ठरवावं, आणि बदललं तर त्याच महिन्यात नोंदणी करावी. वीस वर्षांनी साक्षीदार सापडत नाहीत.

दाखल्यासाठी प्रतिज्ञापत्र मागितलं तर त्याला स्टॅम्प पेपरची सक्ती नाही, साध्या कागदावर चालतं. आणि प्रतिज्ञापत्राने दोन नावांमधलं अंतर जोडता येतं, जन्म नव्याने सिद्ध करता येत नाही. त्याच्यावर सगळी भिस्त ठेवू नका.

सहावी पायरी: या आधारावर पुढचे कागद काढा

पहिला, तहसीलदारांकडचा वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवास दाखला. सेतू केंद्रातून किंवा आपले सरकार पोर्टलवरून अर्ज होतो. राज्यातलं १५ वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागतं. लोक हा मुलाच्या प्रवेशासाठी जूनमध्ये गर्दीत काढतात. डिसेंबरमध्ये काढा.

दुसरा पासपोर्ट. परदेशी जायचं नसलं तरी घरातल्या प्रत्येकाने काढावा असं माझं मत आहे. पोलीस पडताळणीसकट तपासला गेलेला दुसरा कागद सामान्य माणसाकडे सहसा नसतो. नाशिकला पासपोर्ट सेवा केंद्र आहे, मुंबईला जावं लागत नाही. १ ऑक्टोबर २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त जन्मदाखलाच चालतो, शाळेचा दाखला नाही.

तिसरी मतदारयादी. नवीन नावासाठी नमुना ६, पत्ता किंवा तपशील बदलायला नमुना ८, नाव वगळायला किंवा हरकतीला नमुना ७. १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर या चार तारखांना १८ पूर्ण होणाऱ्याला नोंदणी करता येते. शहरात नाशिक पूर्व, मध्य, पश्चिम आणि देवळाली असे मतदारसंघ आहेत. सिडकोतून पंचवटीत राहायला गेलात तर नमुना ८ भरून स्थलांतर करा. दोन ठिकाणी नाव ठेवणं कायद्याला मान्य नाही.

परदेशातल्या मुलांबद्दल थोडक्यात. आपण होऊन दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ प्रमाणे भारताचं नागरिकत्व संपतं आणि पासपोर्ट जमा करावा लागतो. परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळणारं ओसीआय कार्ड म्हणजे नागरिकत्व नव्हे, त्यावर मतदान करता येत नाही. नातवंड परदेशात जन्मलं आणि त्याला भारताचं नागरिक ठेवायचं असेल, तर एका वर्षाच्या आत तिथल्या भारतीय वकिलातीत जन्म नोंदवा.

कर्तव्यं: कलम ५१-अ आणि त्यापलीकडची

मूलभूत कर्तव्यं मूळ संविधानात नव्हती. स्वर्णसिंग समितीनंतर १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने दहा कर्तव्यं आली. ८६ व्या दुरुस्तीने अकरावं जोडलं गेलं, ६ ते १४ वर्षांच्या मुलाला शिक्षणाची संधी देण्याचं. संविधान, राष्ट्रध्वज आणि राष्ट्रगीताचा मान, देशाची एकता, बंधुभाव आणि स्त्रियांच्या प्रतिष्ठेला कमीपणा आणणाऱ्या प्रथा सोडणं, वारसा आणि निसर्ग जपणं, वैज्ञानिक दृष्टी, सार्वजनिक मालमत्तेचं रक्षण, ही त्यातली. नाशिककराला यासाठी दूर जायला नको. पांडवलेण्यांच्या भिंतीवर नाव न कोरणं हे खंड 'च' आणि गोदावरीत निर्माल्याची पिशवी न टाकणं हे खंड 'छ'. सिंहस्थात कोट्यवधी माणसं याच घाटांवर उतरतात, तेव्हा या दोन खंडांचं मोल कळतं.

ही कर्तव्यं मोडली म्हणून थेट खटला होत नाही. कर भरणं आणि मत देणं यांचा तर त्या यादीत उल्लेखही नाही. पण काही कर्तव्यं साध्या कायद्यांनी बांधलेली आहेत आणि ती मोडली तर शिक्षा आहे. जन्म-मृत्यू मुदतीत नोंदवणं. मतदार नोंदणीत खरं सांगणं: खोट्या घोषणेला १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. साक्षीचं समन्स आलं तर हजर राहणं. जनगणनेच्या प्रश्नांना खरी उत्तरं देणं. २०२७ च्या जनगणनेचा संदर्भदिवस १ मार्च २०२७ आहे. दिलेली माहिती गोपनीय असते, ती कोर्टात पुरावा म्हणून वापरता येत नाही, म्हणून कुणी घाबरून चुकीचं सांगू नये. त्याच कारणाने जनगणनेच्या पावतीला नागरिकत्वाचा पुरावा समजू नये.

मला यातलं सगळ्यात जवळचं वाटतं ते २१ दिवसांतलं जन्मनोंदणीचं कर्तव्य. १९६१ साली निफाड तालुक्यातल्या त्या घरात कुणी तिचा जन्म नोंदवला असता तर मावशीचे आठ महिने वाचले असते.

नोटीस आली तर

कुठल्याही कार्यालयाकडून नागरिकत्वाबद्दल विचारणा झाली तर ती लेखी मागा. कोणत्या कायद्याखाली, कोणत्या तारखेपर्यंत, ते वाचा. परदेशी व्यक्तींसंबंधीच्या कायद्यात आपण परदेशी नाही हे सिद्ध करण्याचा भार त्या व्यक्तीवर टाकलेला आहे, म्हणून मुदत चुकवू नका आणि गप्प बसू नका. मूळ कागद कुणाच्याही हाती सोडू नका, साक्षांकित प्रती द्या आणि पोच घ्या. ज्याला वकील परवडत नाही त्याने नाशिकच्या सीबीएसजवळच्या, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाजवळच्या, जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जावं. स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना आणि कमी उत्पन्न असलेल्यांना तिथे मोफत वकील मिळतो.

फाइल कशी ठेवायची

प्रत्येक माणसाचा वेगळा फोल्डर, वर पहिल्या पायरीतला तक्ता. कागद लॅमिनेट करू नका: शाई उडते, मागचा शिक्का दिसत नाही आणि खिडकीवर परत पाठवतात. जन्मदाखल्याच्या तीन-चार प्रती एकदमच काढा. जे डिजीलॉकरमध्ये मिळतं ते तिथून घ्या, बाकीचे स्कॅन करून घरातल्या दोघांच्या फोनवर ठेवा. सराफ बाजार, भांडी बाजाराच्या बाजूला राहत असाल तर पेटी माळ्यावर ठेवा. गोदावरीच्या पुराचं पाणी घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या छातीला लागलं की तळमजल्यावरचं काही वाचत नाही. आणि या दिवाळीला माहेरी जाल तेव्हा मामाला ती लोखंडी पेटी उघडायला सांगा.